थ्रॉटल पोझिशन सेन्सर बसवताना आणि जुळवताना: माझा अनुभव

उभी गाडी हलवताना गचका बसणे आणि सिग्नलला थांबल्यावर इंजिनाचे आरपीएम आपोआप वर-खाली होणे, ही दोन्ही लक्षणे एकत्र दिसू लागली, तेव्हा माझा संशय थ्रॉटल पोझिशन सेन्सरवर, म्हणजे इंजिनात हवा सोडणारी झडप (थ्रॉटल) किती उघडली आहे हे मोजणाऱ्या भागावर गेला. कोल्हापुरातल्या कावळा नाका ते दसरा चौक या गर्दीच्या रस्त्यावर, जिथे एक्सलेटर सतत थोडाच दाबावा लागतो, तिथे त्रास जास्त होता आणि महामार्गावर तो जवळजवळ जाणवत नव्हता. हा सेन्सर जुन्या रेडिओच्या आवाजाच्या बटणासारखाच असतो: आतल्या पट्टीवरून एक पाते सरकते आणि थ्रॉटल किती उघडला आहे ते व्होल्टेजच्या रूपाने ईसीयूला, म्हणजे इंजिन सांभाळणाऱ्या संगणकाला, कळवते. शहरात चालणाऱ्या गाडीत हे पाते बहुतेक वेळ पट्टीच्या सुरुवातीच्या भागातच घासत राहते, त्यामुळे पट्टी तिथेच आधी झिजते.

तरीही तपासल्याशिवाय नवा भाग आणायचा नाही, असे मी ठरवले होते. माझ्या गाडीच्या सेन्सरला तीन तारा आहेत: एक ईसीयूकडून येणारी ५ व्होल्टची, एक अर्थिंगची आणि तिसरी सिग्नलची. इंजिन बंद ठेवून चावी ऑन केली आणि कनेक्टरच्या मागच्या बाजूने सिग्नलच्या तारेलगत बारीक टाचणी सरकवून व्होल्टेज मोजणारा मीटर जोडला. तारेचे आवरण टोचून मापन करणे मी कटाक्षाने टाळतो, कारण कोल्हापूरच्या पावसाळ्यात त्या छिद्रातून पाणी शिरून तांब्याला हिरवा गंज चढतो. मीटर मात्र मुद्दाम काट्याचा घेतला. डिजिटल मीटरचे आकडे थांबत थांबत बदलतात आणि क्षणभराची तूट त्यांत निसटते. थ्रॉटल हाताने अगदी सावकाश उघडत गेलो, तेव्हा काटा एकसारखा चढता चढता सुरुवातीलाच एका ठिकाणी झपकन खाली येऊन पुन्हा वर गेला. दोष तिथेच होता.

नवा सेन्सर जुन्याचा पार्ट नंबर आणि कनेक्टर ताडून घेतला. अडचण आली ती जुने स्क्रू काढताना, कारण ॲल्युमिनियमच्या थ्रॉटल बॉडीत, म्हणजे झडपेच्या घरात, लोखंडी स्क्रू वर्षानुवर्षे बसून जाम झाले होते. गंज सोडवणारे तेल मारून ते मुरू दिले आणि शिवाजी उद्यमनगरातील ओळखीच्या मिस्त्रींकडून इम्पॅक्ट स्क्रूड्रायव्हर (हातोडी मारली की फिरणारा) आणून ते सोडवले. हत्यार देताना त्यांनी ते कसे मारायचे हेही दाखवले. उद्यमनगरात हा जिव्हाळा अजून आहे. नवा सेन्सर थोडा तिरका धरून थ्रॉटलच्या दांड्यावर बसवायचा आणि आतल्या स्प्रिंगच्या ताणाविरुद्ध फिरवून भोके जुळवायची. बसवल्यावर थ्रॉटल हाताने उघडून सोडला, तर तो विनाअडथळा पूर्ण मिटलाच पाहिजे.

खरे काम यापुढे सुरू होते. थ्रॉटल पूर्ण मिटलेला असताना माझ्या गाडीला सुमारे ०.५ व्होल्ट लागतात आणि पूर्ण उघडल्यावर सुमारे ४.५. नेमके आकडे प्रत्येकाने आपल्या गाडीच्या मॅन्युअलमधूनच घ्यावेत. ही मापे शून्य आणि पाचवर न ठेवण्यामागे उत्तम विचार आहे: सिग्नलची तार तुटली तर सिग्नल सहसा शून्यावर येतो, ५ व्होल्टच्या तारेला चिकटली तर पाचवर जातो, आणि हा बिघाड आहे, थ्रॉटलची जागा नव्हे, हे ईसीयूला ओळखता येते. ईसीयू नोंदवून ठेवतो ते पी०१२२ आणि पी०१२३ हे बिघाडाचे कोड त्याच दोन टोकांचे आहेत.

स्क्रू अर्धवट आवळून, आता डिजिटल मीटर लावून, सेन्सर त्याच्या लांबट भोकांत केसभर फिरवत मी आकडा ०.५० वर आणला. पण स्क्रू आवळताच तो ०.५४ झाला. त्यामुळे आवळताना आकडा किती सरकतो हे लक्षात घेऊन आधीच तेवढा मागे ठेवावा लागला. प्लॅस्टिकचे कान तडकू नयेत म्हणून जोर बेताचाच लावला. नंतर पुतण्याला आत बसवून एक्सलेटर तळापर्यंत दाबायला सांगितला, कारण केबल सैल असेल तर हाताने मिळणारे माप पायाने मिळत नाही.

एका गॅरेजमध्ये मला थ्रॉटलचा स्टॉप स्क्रू, म्हणजे झडप मिटून जिथे टेकते तो स्क्रू, फिरवून व्होल्टेज जुळवण्याचा सल्ला मिळाला होता. तो मला पूर्णपणे चुकीचा वाटतो. तसे केल्यास थ्रॉटलची झडपच किंचित उघडी राहते आणि जास्तीची हवा आत जाते. मिटलेल्या थ्रॉटलचा आकडा सेन्सर चुकीचा बसल्यामुळे जास्त राहिला, तरी थ्रॉटल मिटल्याचे ईसीयूला कळेलच असे नाही. मग आरपीएम खाली येत नाही आणि उतारावर पाय काढल्यावर पेट्रोल तोडले जात नाही.

शेवटी जुने कोड पुसून, आयडल (उभ्या गाडीतले इंजिनाचे आरपीएम) स्थिर झाल्यावर गाडी वाघबीळमार्गे पन्हाळ्याला नेली. चढावर पिकअप सलग मिळाला आणि उतारावर पाय काढताच इंजिनाने गाडी नीट धरली. ज्या गाड्यांत केबलऐवजी इलेक्ट्रॉनिक थ्रॉटल आहे, त्यांत मात्र हे सेन्सर थ्रॉटल बॉडीच्या आतच जोडीने असतात आणि त्यांना असे फिरवून जुळवण्याची सोय सहसा नसते, म्हणून तिथे स्क्रूड्रायव्हर लावण्याआधी मॅन्युअल उघडावे.