तुमचं खरं कोणतं जी?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो, नाहीतर हा प्रश्न मी एरवी हसून टाळतो. चंद्रपूर जिल्ह्यात ब्रह्मपुरीकडे कुठल्याही गावात कविसंमेलनाला गेलो की चहाच्या वेळी कोणीतरी हळूच जवळ येतं. ‘सर, तुमी कविता बी लिवता, नाटक बी लिवता, पेपरात गमतीचं बी लिवता. यातलं तुमचं खरं कोनतं जी?’ विचारणाऱ्याच्या मनातली शंका मला कळते. एकात जमलं नाही म्हणून हा दुसऱ्यात घुसला असेल, असं त्याला वाटत असतं.

शंका रास्त आहे, तसे लोक असतातही. पण श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांकडे बघा. १८७१ साली नागपुरात जन्मलेला हा माणूस पुढे खामगाव, जळगाव-जामोद भागात वकिली करत होता. पक्षकारांतून उरलेल्या वेळात त्यांनी ‘वीरतनय’सारखी संगीत नाटकं लिहिली, त्यांत पारशी रंगभूमीच्या चाली आणल्या, समीक्षा केली, ‘सुदाम्याचे पोहे’ हे विनोदी लेख लिहिले, ‘बहु असोत सुंदर’ हे गीत लिहिलं आणि वर ‘भारतीय ज्योतिर्गणित’ नावाचा ग्रंथही लिहिला. ग्रहगणित मांडणारा विनोदी लेखक मला तरी दुसरा ठाऊक नाही. खरं बोलायचं तर त्यांची नाटकं माझ्याच्यानं वाचवत नाहीत. पण ‘पोह्यां’तले सुदामा, बंडूनाना आणि पांडुतात्या अजून हसवतात. तिथली रीत अशी: एखादी रूढी घ्यायची, ती खरी आहे असं गंभीर चेहऱ्यानं कबूल करायचं आणि मग तिचा हिशेब शेवटपर्यंत मांडत न्यायचा, की ती आपोआप हास्यास्पद होते. ही वकिलाची उलटतपासणीच आहे, आणि गणित्याची चिकाटीही. म्हणजे प्रकार पाच असले तरी डोकं एकच होतं.

त्यांना गुरू मानणारे राम गणेश गडकरी आपल्या नागपूरजवळच्या सावनेरलाच वारले, २३ जानेवारी १९१९ला. चौतिशीही पुरी झाली नव्हती. कवितेला गोविंदाग्रज, विनोदाला बाळकराम आणि नाटकाला स्वतःचं नाव, अशी त्यांची वाटणी. पण ही वाटणी मुखपृष्ठापुरतीच असावी असं मला वाटतं. ‘एकच प्याला’मध्ये नवरा सुधाकर दारूपायी बुडतो, सिंधूच्या संसाराची राख होते, आणि त्याच वेळी तळीरामाचं आर्यमदिरामंडळ, म्हणजे दारुड्यांची सभा, भरतं, आणि तिथे बाळकराम सरळ नाटकात येऊन बसलेला असतो. तो नसता तर सुधाकराची पडझड इतकी सोसवली नसती. गंमत अशी की एवढ्या मोठ्या कवीच्या या नाटकातली पदं मात्र त्याची नाहीत. ती वि. सी. गुर्जरांनी लिहिली, आणि गुर्जर मुळात कथालेखक. त्यांचं ‘कशी या त्यजू पदाला’ ऐकताना हे कोणाच्या ध्यानात येतं?

आमच्याकडे धान उभं असतानाच बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, लाखोरी या डाळीचं बी फेकतात. वेगळी नांगरणी नाही, वेगळं पाणी नाही. धानाच्या उरलेल्या ओलीवर ती निघते. माझ्या लिहिण्याचंही तसंच आहे. नाटकाच्या ओलीवर कविता निघते, आणि कधी उलट.

मात्र ओल तीच असली तरी प्रत्येक प्रकाराची मजुरी वेगळी. दिवाळीनंतर धान घरात आलं की झाडीपट्टीचा, म्हणजे आमच्या पूर्व विदर्भातल्या नाटकांचा, हंगाम सुरू होतो. मंडई म्हणजे गावची जत्रा, शंकरपट म्हणजे बैलांची शर्यत, घराघरात पाहुणे, आणि रात्री नाटक. गडचिरोली जिल्ह्यातलं वडसा हे या धंद्याचं मोठं ठिकाण. कंपन्यांचं बुकिंग तिथेच चालतं. रात्री दहाच्या सुमारास पडदा उघडला की पहाटेपर्यंत चालतं. थंडीत चादर पांघरून, मांडीवर लेकरू घेऊन बसलेल्या बाईला पहाटे तीन वाजता जागं ठेवायचं असेल तर कवितेतली प्रतिमा कामाची नाही. तिथे भांडण लागतं, नातं लागतं, मध्ये खळखळून हसू लागतं. नट सरळ सांगतो, ‘सर, हे तोंडात बसत नाही.’ तो सांगतो तेव्हा वाक्य बदलायचं, वाद घालायचा नाही. कवितेत असं सांगणारं कोणी नसतं. तिथे आपणच आपले कठोर नट व्हावं लागतं, आणि ते जास्त अवघड आहे. सदराचं निराळंच. आठशे शब्द, बुधवारी सकाळी, मन असो की नसो. ज्याला नाटकाच्या रसिकासाठी कवितेचा रुबाब सोडता येत नाही, त्यानं एकाच प्रकारात राहावं. त्यात कमीपणा काही नाही.

महेश एलकुंचवार यवतमाळ जिल्ह्यातल्या पारव्याचे. त्यांचं ‘वाडा चिरेबंदी’ आणि त्यांचे ‘मौनराग’मधले लेख लागोपाठ वाचून बघा. पडके घर, आई, मागे राहिलेलं गाव, सगळं दोन्हीकडे आहे. पण नाटकात भास्कर, सुधीर, वहिनी, प्रभा अशा प्रत्येकाची बाजू खरी ठरते, अंगणातला बंद पडलेला ट्रॅक्टरसुद्धा साक्ष देतो. लेखात बोलणारा एकटाच असतो, त्याला कोणाआड लपता येत नाही. एकाच माणसाला दोन्ही गरजा असू शकतात. नागपूरच्या ग्रेसांना आपण कवी म्हणूनच ओळखतो. साहित्य अकादमीनं मात्र २०११ साली त्यांना गौरवलं ते ‘वाऱ्याने हलते रान’ या ललितलेखांसाठी. मग त्यांचं खरं कोणतं म्हणाल?

म्हणून मला विचाराल तर ज्या दिवशी जे लिहितो ते त्या दिवशी खरं. हे ऐकून लोक समाधानानं मान डोलावतात आणि लगेच पुढचा प्रश्न टाकतात, ‘मंग पैसे कायच्यात भेटतात जी?’ नाटकात भेटतात, हंगाम बरा असला तर. कवितेत चहा आणि शाल भेटते. सदराचं काय ते संपादकांना विचारा, मीही विचारतोच आहे.