स्पेक्ट्रमवर देवनागरी : वेलांटी एकदाची बसली

माळ्यावरून ४८ के स्पेक्ट्रम (सिंक्लेअरचा ऐंशीच्या दशकातला घरगुती संगणक, ४८ किलोबाइट मेमरीचा) खाली काढला त्याला दोन महिने झाले. रबरी बटणं अजून चालतात. याचं आउटपुट टीव्हीच्या चॅनेल ३६ साठीचं, म्हणून चित्राचा टीव्ही-चॅनेल बनवणाऱ्या मॉड्युलेटरला बगल देऊन थेट कॉम्पोझिट (साधा व्हिडिओ सिग्नल) घेतलं. चित्र झकास.

शाळेत असताना याच मशिनवर बेसिक ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकलो. मामाने आणलेलं. तेव्हाचा हट्ट एकच, पडद्यावर मराठी दिसली पाहिजे. स्वतः आखायची अक्षरं (यूडीजी) फक्त २१, प्रत्येक ८ बाय ८ ठिपक्यांचं. गणिताच्या चौकटीच्या वहीत अक्षर काढायचं आणि एकेक ओळ पोक करायची (पोक म्हणजे मेमरीतल्या ठरावीक जागी आकडा ठेवायची बेसिकची आज्ञा). वरची ओळ सगळीकडे २५५ (म्हणजे आठही ठिपके भरलेले) ठेवली की शिरोरेषा शेजारच्या घराला आपसूक जुळते, हे कळलं त्या रात्री जेवायला तीन हाका माराव्या लागल्या. पण शिरोरेषेच्या वर जागाच उरेना. त्यामुळे मशिन ‘बदक’, ‘मगर’, ‘कमळ’ लिहायचं. ‘मी’ काही जमायचं नाही.

आता एका अक्षराला वर-खाली दोन घरं दिली आहेत. पडद्यावर २४ ऐवजी १२ ओळी मावतात, चालेल. शिरोरेषा वरच्या घरात सहाव्या ओळीवर, उकाराला तळाशी तीन ओळी. २१ अक्षरांत हे भागणार नाही, म्हणून ९६ अक्षरांचा पूर्ण संच मेमरीत ६४२५६ या पत्त्यापासून ठेवला आणि मशिनने अक्षरं तिथून घ्यावीत म्हणून पोक २३६०७,२५० केलं. गंमत म्हणजे त्यानंतर प्रोग्रॅमचं लिस्टिंगसुद्धा अर्ध्यामुर्ध्या देवनागरीत दिसतं. मूळ अक्षरांवर परत यायला पोक २३६०७,६० आंधळेपणाने टाइप करायचं. ओ हे बटण दाबलं की पोक हा अख्खा शब्द येतो, तेवढीच बोटांना मदत.

मागचे दोन रविवार वेलांटीने खाल्ले. ओव्हर १ (आधीच्या अक्षरावरच दुसरं छापायची आज्ञा) लावून ‘म’च्या डोक्यावर वेलांटीची कमान छापली की शिरोरेषा गायब! कॅसेटच्या टेपवरून प्रोग्रॅम नीट आला नसेल म्हणून मी डेकच्या हेडचा स्क्रू पिळत बसलो. टेप बिचारी निर्दोष होती. ओव्हर १ म्हणजे एक्सॉर, ठिपक्यावर ठिपका पडला की दोन्ही पुसले जातात, आणि मी कमानीच्या घरातही शिरोरेषा काढली होती. तिथली २५५ काढून शून्य केली. काल रात्री ‘मी’ उमटलं.

रफार बाकी आहे. जोडाक्षरांकडे अजून बघितलेलंच नाही.