पूर्वेस बाळा बिन राणू

गहाणखताची चतुःसीमा वाचताना मी थांबले. लिहून देणार बाळा बिन राणू (म्हणजे राणूचा मुलगा बाळा), आणि खाली सीमांमध्ये स्वच्छ अक्षरात, 'पूर्वेस बाळा बिन राणू यांचे शेत'. शेजारचं शेतही त्याच माणसाचं असतं तर दस्त लिहिणाऱ्यानं 'लिहून देणार यांची बाकी जमीन' असं काहीतरी म्हटलं असतं. इथे नाव परक्याचं घालावं तसं घातलं होतं. म्हणजे एकाच गावात, बांधाला बांध लागून, एकाच नावाची आणि एकाच बापाच्या नावाची दोन माणसं. (नावं अर्थात मी बदलली आहेत. गावही सांगत नाही.)

कुटुंब माझ्याकडे आलं ते जातीच्या दाव्यासाठीची वंशावळ आणि तीन कागद घेऊन. गाव नमुना १४ मधल्या मृत्यूच्या नोंदीची टंकलिखित नक्कल, तिच्यानंतर अकरा वर्षांनी नोंदवलेलं हे गहाणखत, आणि हक्कनोंदणी सुरू झाल्यानंतरचा एक फेरफार, म्हणजे जमिनीच्या हक्कातल्या बदलाची नोंद. तिन्हीत बाळा बिन राणू. वंशावळीत तिन्ही कागद एकाच खापरपणजोबांच्या नावापुढे लावलेले होते. वंशावळ कुणीतरी पैसे घेऊन करून दिली होती आणि तारखा एकमेकींशी ताडलेल्या नव्हत्या. मेलेल्या माणसानं अकरा वर्षांनी जमीन गहाण टाकली हे कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण प्रत्येक कागद वेगळ्या प्लॅस्टिकच्या पाकिटात होता. विचारल्यावर उत्तर आलं, 'फसलीचा घोळ असेल.' फसली म्हणजे जुन्या कागदांतलं महसुली वर्ष. फसली सनात ५९० मिळवले की इसवी सन येतो. वर्ष मृगापासून बदलतं, म्हणून जानेवारी ते मेपर्यंत ५९१ मिळवायचे. त्यात चूक झाली तर एका वर्षाची होते, अकरा वर्षांची होत नाही.

नावं सारखी का, हे समजून घेतल्याशिवाय पुढे जाता येत नाही. आजोबा गेल्यावर नातवाला त्यांचं नाव ठेवायचं. राणूचा बाळा, बाळाचा राणू, त्या राणूचा पुन्हा बाळा. दोन पिढ्यांनी 'बाळा बिन राणू' हे अख्खं नाव बापासकट परत येतं. बापाचं नाव जुळलं की माणूस जुळला असं लोक धरून चालतात, आणि मराठी कागदांत फसगत होते ती नेमकी तिथेच. आजोबांचं नाव हवं, आणि नोंदवह्यांत ते जवळजवळ कधीच नसतं. आडनावही कित्येकदा नसतं. चुलत भावांनी एकाच आजोबांचं नाव आपापल्या मुलांना ठेवलं असेल तर एकाच पिढीत दोन-दोन राणू उभे राहतात.

म्हणून माझा नियम असा की सिद्ध होईपर्यंत प्रत्येक नोंद वेगळ्या माणसाची. प्रत्येकीला एक कार्ड. त्यावर नाव सगळ्यात शेवटी. आधी जमिनीचा नंबर, क्षेत्र, आकार (म्हणजे सारा), हिस्सा. मग वय, जात, खबर देणारा, साक्षीदार, सही की निशाणी, आणि लिहिणारा कोण. 'दस्तुरखुद्द' म्हणून स्वतः सही करणारा माणूस पुढच्या कागदात अंगठा देत असेल तर कार्डावर लाल खूण. (म्हातारपणी हात थरथरतो म्हणूनही अंगठा येतो, तेव्हा नुसत्या लाल खुणेवर निकाल देत नाही.) वयावर तर मी फारच थोडा भार टाकते. मृत्यूच्या नोंदीत वय साठ होतं. जुन्या रजिस्टरांत चाळीस, पन्नास, साठ अशीच वयं भरलेली असतात. साठ म्हणजे 'म्हातारा माणूस', एवढंच.

मग जमीन. कुटुंबाकडे आजचा गट नंबर होता, कागदांत सर्व्हे नंबर. तुकडेबंदी आणि एकत्रीकरणाचा कायदा १९४७ चा. त्याखाली योजना ज्या गावांत झाली तिथे गट पडले आणि जुने नंबर सातबारावरून गेले. गटावरून सर्व्हे नंबर आणि पोटहिस्सा काढायचा तर भूमी अभिलेख कार्यालयातून एकत्रीकरण योजनेचा उतारा लागतो. पोटहिस्से पडले असतील तर आकारफोड पत्रकही, म्हणजे सारा पोटहिश्श्यांत कसा फोडला त्याचा कागद. हा जोड नसेल तर वंशावळ हवेत असते. इथे जोड सुदैवानं पूर्ण निघाला. गहाण पडलेला पोटहिस्सा आणि आजची कुटुंबाची जमीन एकच.

फेरफारानं मला खरा हात दिला. मुंबई इलाख्यात हक्कनोंदणीचा कायदा १९०३ मध्ये झाला, १९१३ मध्ये ती जमीन महसूल कायद्यात घेतली गेली. त्या सुरुवातीच्या फेरफारांत हिस्से आणे-पैत लिहिलेले असतात आणि लोक ते आकडे नुसते ओलांडून जातात. सोळा आण्यांची जमीन, बारा पैंचा एक आणा. या फेरफारात चार नावं होती. दोघांपुढे पाच आणे चार पै, दोघांपुढे दोन आणे आठ पै. बेरीज करा, बरोबर सोळा आणे. पाच आणे चार पै म्हणजे तिसरा हिस्सा. दोन आणे आठ पै म्हणजे त्या तिसऱ्याचाही अर्धा. तीन भावांत वाटणी झाली, त्यांतल्या एकाच्या घरात पुढे पुन्हा दोन वाटे पडले. आमच्या गहाणखतातला बाळा दोन आणे आठ पैवाला. म्हणजे तो मूळ तिघा भावांपैकी नव्हे, त्यांच्याखालचा. तिघांपैकी एक बाळा बिन राणू हा त्याचा आजा, फेरफाराच्या मजकुरातच त्याचं नाव आलं होतं. कुठल्याही वयापेक्षा आणि कुठल्याही तोंडी हकिकतीपेक्षा ही बेरीज मला जास्त भरवशाची वाटते. कुलकर्ण्यानं ती तीन पिढ्यांनंतरच्या परक्या माणसाला पटावी इतकी नीट मांडली होती.

आता तीन माणसं झाली. आजा बाळा, नातू बाळा (गहाणखतवाला), आणि पूर्वेच्या शेतातला भाऊकीचा बाळा. प्रश्न एकच उरला. मृत्यूची नोंद कुणाची? नातवाची नव्हे, त्यानं नंतर गहाण लिहून दिलं. मग आजाची की शेजाऱ्याची?

टंकलिखित नकलेवर काही कळेना, म्हणून मूळ रजिस्टर पाहायला गेले. मोडीत शब्द तोडत नाहीत, आधी आडवी रेघ ओढून तिच्याखाली अक्षरं सलग येतात आणि ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळलेला नसतो. पण इथला हात चांगला होता. नावाच्या आधी 'थो' आणि त्यापुढे दोन उभ्या रेघा. थोरला. नक्कल करणाऱ्यानं तेवढं गाळलं, कारण छापील नमुन्यात त्याला रकाना नाही. मूळ लिहिणाऱ्याला दोन बाळा माहीत होते, त्यानं अडीच अक्षरांत फरक करून ठेवला होता, आणि नकलेत तेवढाच नेमका पुसला गेला. २०२३ मध्ये कुणबी नोंदींचा शोध सरकारी पातळीवर सुरू झाल्यापासून अशा नकला ढिगांनी फिरताहेत. लोकांना हवा असतो तो जातीचा रकाना. बाकीच्या रकान्यांकडे कुणी बघत नाही. माझी कळकळीची विनंती आहे की नकलेबरोबर त्या पूर्ण पानाचा फोटो घ्या, वरच्या-खालच्या नोंदींसकट. एखादा लेखक 'थोरला' कुणाला म्हणतो, हे त्याच्या इतर नोंदींवरूनच कळतं.

मीही तेच केलं. त्याच हातानं लिहिलेल्या आसपासच्या पानांत 'थोरला' आणखी दोनदा आला. एकदा आजा-नातवात फरक करायला, एकदा दोन चुलत भावांत. म्हणजे काहीच ठरलं नाही.

खबर देणारा म्हणून 'भाऊ धोंडी' होता. आजा बाळाचा एक भाऊ धोंडी, आणि पूर्वेकडच्या बाळाचाही भाऊ धोंडी.

त्या रात्री मला वाटलं होतं की सुटलं. मृत्यूनंतर अकरा वर्षांनीही गहाणखतात 'पूर्वेस बाळा बिन राणू' आहे, म्हणजे शेजारचा बाळा तेव्हा जिवंत, म्हणजे मेला तो आजा. तसं टिपणही लिहून काढलं. सकाळी फाडलं. चतुःसीमा फार वेळा आधीच्या दस्तावरून जशीच्या तशी उतरतात. मेलेला शेजारी कागदावर दहा-वीस वर्षं सहज राहतो. पूर्वेच्या नंबराचा पहिला फेरफार काढला तर तिथे मालक 'राणू वलद बाळा' आणि त्याचा भाऊ. हक्कनोंदणी सुरू झाली तेव्हा शेजारी बाळा गेलेला होता, पण कधी गेला, ते नाही. मृत्यूच्या लगतच्या दोन वर्षांच्या खात्यांची पानं मिळाली असती तर खातं कुणाच्या नावावरून उतरलं ते दिसलं असतं. दप्तरात नेमक्या त्या वर्षांच्या पानांची वाळवीनं चाळण केली होती.

अहवालात मी लिहिलं: गहाणखत आणि फेरफार कुटुंबाच्या थेट पूर्वजाचे, जमिनीवरून आणि हिश्श्यावरून सिद्ध. मृत्यूची नोंद दोघांपैकी एकाची, ठरवता येत नाही. कुटुंबाला ते आवडलं नाही. इतर मागास वर्गाच्या दाव्याला १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो, आणि जात लिहिलेला त्यांच्याकडचा सगळ्यात जुना कागद तोच होता. 'भाऊकीचा असला तरी रक्ताचाच ना?' असं थोरल्या मुलानं विचारलं. रक्ताचाच. पण मग वंशावळीत त्याला त्याच्या जागी, वेगळ्या शाखेत दाखवावा लागेल आणि दोन्ही शाखा जिथे मिळतात तो पुरुष कागदानं दाखवावा लागेल. खापरपणजोबांच्या चौकटीत शेजाऱ्याचा मृत्यू घालून दिलेली वंशावळ जात पडताळणीच्या दक्षता पथकानं मूळ रजिस्टर उघडलं की पडते, आणि तिच्याबरोबर चांगले दोन कागदही संशयात येतात. हे मी त्यांना दोनदा समजावलं. पटलं की नाही, सांगता येत नाही.

तो 'थो॥' अजून डोळ्यांसमोर येतो. लिहिणाऱ्याला माणूस माहीत होता.

एक वाट उरली आहे. त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांकडे गाव आणि आडनावावर लावलेल्या वह्या असतात. क्रियाकर्माला आलेला माणूस त्यांत बाप, आजा, चुलते, भाऊ, मुलं अशी नावं लिहून देतो. आजोबांचं नाव हमखास सापडावं अशी तेवढीच जागा मला माहीत आहे. दोन धोंडींपैकी कुणी त्या साली तिथे गेला असेल तर त्याच्या नावाखाली आजाचं नाव असेल, आणि दोन्ही घरांचे आजे वेगळे आहेत. गावाचे उपाध्याय कोण ते कळलं आहे. वही पाहायची आहे.