मोफत वकील मिळाला, पण दाखल्यापायी जीव गेला

आईसाठी मोफत वकील मिळवताना जेवढा मनस्ताप झाला, तो सगळा एकाच खिडकीवर झाला. अजून आठवलं की डोकं तापतं.

मी जातीबाहेर लग्न केलं म्हणून जातपंचायतीनं माझ्या आईवडिलांना वाळीत टाकलं. गिरणीवाल्यानं आईचं ज्वारीचं दळण तसंच परत दिलं, डबासुद्धा उघडला नाही. पोलिसांनी नुसती अदखलपात्र नोंद करून वाटेला लावलं. खरं तर सामाजिक बहिष्काराविरुद्ध महाराष्ट्रात २०१६ चा कायदा आहे. गुन्हा दखलपात्र आहे, म्हणजे कोर्टाच्या आदेशाची वाट न बघता पोलिसांनी तो नोंदवून तपास करायचा असतो, आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. पण हे पोलिसांना ठणकावून सांगायला वकील हवा, आणि त्याची फी परवडणारी नव्हती. म्हणून जिल्हा कोर्टाच्या आवारातलं, मोफत वकील देणारं विधी सेवा प्राधिकरण गाठलं.

खिडकीवरचे कारकून म्हणाले, "उत्पन्नाचा दाखला आणा, मग अर्ज घेतो." तलाठ्याकडे गेलो, तर गावातल्या दोन पंचांच्या, म्हणजे साक्षीदारांच्या, सह्या हव्यात. ज्या गावात आईशी बोलायची बंदी, तिथं सही कोण देणार? वडील एकेका दारावर गेले आणि मान खाली घालून परत आले. पुन्हा खिडकी, पुन्हा तेच उत्तर. आई बाहेरच्या बाकावर कागदांची पिशवी मांडीवर घेऊन बसून राहायची. तिच्याच डोक्यावर भिंतीवर फलक होता, त्यात पात्र लोकांच्या यादीत 'स्त्रिया व बालके' असं स्वच्छ लिहिलेलं.

१९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याचं कलम १२ नीट वाचून ठेवा. स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमाती, अपंग आणि कोठडीतल्या व्यक्ती यांना उत्पन्नाची अटच नाही. दाखला मागायचा प्रश्नच येत नव्हता! मी फलकाकडे बोट दाखवलं. "सगळ्यांनाच लागतो," ते म्हणाले. तेव्हा मी म्हटलं, "मग दाखल्याअभावी अर्ज नाकारला, असं लेखी द्या." लेखी काही मिळालं नाही, पण अर्ज उचलून आत गेला. प्राधिकरणाचे सचिव न्यायाधीश असतात. त्यांनी आईला समोर बसवून सगळं ऐकलं आणि वकील नेमून दिला. मला त्या दिवशी आईचा फार अभिमान वाटला, कारण ती न अडखळता बोलली.

खिडकीवर अडलं तर थेट सचिवांना भेटा, हे मला आधी कोणी सांगायला हवं होतं. अर्जाच्या प्रतीवर शिक्का आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय हलू नका. १५१०० या हेल्पलाइनवरही माहिती मिळते.

वकीलबाईंनी तक्रार थेट न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे नेली, कायद्यात ती सोय आहे. कोणी काय म्हटलं, कुठं, कोणासमोर, हे आईनं वहीत टिपलेलं त्यांच्या फार कामी आलं, तेव्हा तुम्हीही आजपासून लिहायला लागा. आणि हो, नेमून दिलेल्या वकिलांना एक रुपयाही द्यायचा नसतो. कोणी मागितलाच तर सचिवांकडे लेखी तक्रार करा.