व्हर्जिनिया ते व्हरमाँट, बंदुका सोबत घेऊन

उत्तर व्हर्जिनियातून व्हरमाँटला गाडीने नेमबाजीच्या स्पर्धेला जायचं तर न्यूयॉर्क राज्य चुकवता येत नाही. अटलांटिकपासून कॅनडाच्या हद्दीपर्यंत ते आडवं पसरलंय. माझ्याकडे सिंगल शॉट, म्हणजे एका वेळी एकच गोळी भरायची, छोट्या .२२ गोळीची रायफल होती, तिची फारशी चिंता नव्हती. चिंता होती मित्राच्या .२२ टार्गेट पिस्तुलाची. व्हर्जिनियात आणि व्हरमाँटमध्ये ते घरात ठेवायला परवाना लागत नाही. न्यूयॉर्कमध्ये मात्र राज्याच्या लायसन्सशिवाय पिस्तूल बाळगणं हाच गुन्हा, आणि व्हर्जिनियाचं परमिट तिथे चालत नाही.

यावर १९८६ चा एक केंद्रीय कायदा आहे. जिथून निघालात आणि जिथे पोहोचणार, त्या दोन्ही ठिकाणी बंदूक कायदेशीर असेल, तर मधल्या राज्यातून ती नेता येते. अट अशी की ती रिकामी हवी, आणि बंदूक किंवा गोळ्या प्रवाशांच्या हाताला लागता कामा नयेत. डिकी वेगळी नसेल, म्हणजे एसयूव्ही किंवा मिनीव्हॅन असेल, तर कुलूपबंद पेटी लागते. ग्लव्ह बॉक्स आणि दोन सीटांमधला कप्पा चालत नाही.

वाचायला हे सरळ आहे. पण वाटेत पेट्रोलला थांबलं तर? जेवायला? मुक्काम पडला तर? कायद्यात यावर एक शब्द नाही. निघण्याआधी मी दोन राज्यांच्या पोलीस कार्यालयांत फोन केले. एकीकडे सांगितलं, पेट्रोलला थांबा, जेवायला नको. दुसरीकडे म्हणाले, वकिलाला विचारा. जे पाळायचं ते काय हेच नागरिकाला आधी कळत नसेल, तर तो कायदा माझ्या मते अपुरा आहे.

मुक्कामाबद्दल मात्र एक निकाल आहे आणि तो प्रत्येकाने वाचावा. २००५ मध्ये यूटाहचा एक प्रवासी पेनसिल्व्हेनियाला निघाला होता. पिस्तूल कुलपात, विमानतळावर रीतसर जाहीर केलेलं. न्यू जर्सीतल्या नेवार्कला पुढचं विमान चुकलं, बॅग हातात आली आणि तो रात्री हॉटेलात राहिला. सकाळी काउंटरवर पुन्हा प्रामाणिकपणे सांगितलं, तर अटक झाली. खटला पुढे मागे घेतला गेला, पण त्याने भरपाईसाठी केलेला दावा २०१० मध्ये अपील कोर्टाने फेटाळला, कारण रात्रभर बंदूक त्याच्या हाताशी होती. चूक त्याची नव्हती हे कोर्टानेही मान्य केलं होतं. त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या विमानतळांवरच्या अशाच प्रकरणांत दुसऱ्या अपील कोर्टाने, या कायद्याच्या आधारे पोलिसांवर दावा लावता येत नाही, असं ठरवलं. म्हणजे हा कायदा तुम्हाला कोर्टात सोडवेल, रस्त्यावरची अटक थांबवेलच असं नाही.

म्हणून आम्ही आय-९५ हा नेहमीचा हायवे सोडला. न्यू जर्सी आणि न्यूयॉर्क शहर दोन्ही टाळले. २०१३ मध्ये फिलाडेल्फियाच्या एका आईने न्यू जर्सीत गाडी अडवल्यावर स्वतःहून सांगितलं, माझ्याकडे पिस्तूल आहे आणि पेनसिल्व्हेनियाचं परमिट आहे. तिच्यावर सक्तीच्या कैदेचं कलम लागलं. २०१५ मध्ये गव्हर्नर ख्रिस्ती यांनी माफी दिली तेव्हा ती खरी मोकळी झाली. न्यू जर्सीत छर्ऱ्याची एअर गनसुद्धा फायरआर्म धरतात, हे तिथल्या मराठी पालकांनी मुलांच्या खेळण्यापायी तरी लक्षात ठेवावं.

आमचा रस्ता आय-८१ चा: विंचेस्टर, वेस्ट व्हर्जिनिया, हेगर्सटाउनपाशी मेरीलँडचे जेमतेम बारा मैल, मग हॅरिसबर्ग आणि स्क्रँटन. मुक्काम पेनसिल्व्हेनियातच केला. सकाळी हद्दीअलीकडेच टाकी भरली, पोटभर खाल्लं, बाथरूम उरकलं. बिंगहॅम्टनहून आय-८८, ऑल्बनीच्या उत्तरेने ट्रॉय, रूट ७ आणि बेनिंग्टन. न्यूयॉर्कमध्ये गाडीचं दार उघडलं नाही. डोंगर सुंदर आहेत, फोटो काढायला परत कधीतरी जाऊ.

आमच्या पेट्या कुलूपबंद, गोळ्या वेगळ्या कुलपात, किल्ल्या बॅगेत मागे. स्पर्धेचं पत्र आणि व्हरमाँटच्या हॉटेलचं बुकिंग छापून समोर ठेवलं होतं, कारण आपण कुठे निघालोय हे रस्त्यावर दाखवता आलं पाहिजे. मॅगझिनही, म्हणजे बंदुकीत गोळ्या भरायचा डबा, तपासा: न्यूयॉर्क आणि न्यू जर्सीत मर्यादा दहा गोळ्यांची. व्हरमाँट एरवी मोकळं, पण २०१८ पासून तिथेही लांब बंदुकीला दहा आणि पिस्तुलाला पंधरा.

एक गोष्ट आपल्या लोकांसाठी फार महत्त्वाची. एच-वन-बी किंवा विद्यार्थी व्हिसावर असाल, तर केंद्रीय कायद्याने बंदूक बाळगायला मनाई आहे. शिकारीचं वैध लायसन्स असल्यास सूट मिळते, ग्रीन कार्डवाल्यांना ही मनाई नाही. स्वप्नील कुसाळेने २०२४ मध्ये पॅरिसला कांस्य जिंकल्यापासून माझ्या भाच्याला रेंजवर यायचं असतं. तो एच-वन-बीवर आहे. शिकारीचं लायसन्स हातात येईपर्यंत तो बघायला येईल, पण रायफलीला हात लावणार नाही आणि पेटीची किल्लीही मी त्याच्याकडे देणार नाही. व्हिसा गेला तर परत मिळणं कठीण.

विमानाने येणाऱ्यांनी शक्यतो नेवार्क किंवा न्यूयॉर्कच्या जेएफके, लागार्डिया विमानतळांवर विमान बदलू नका. व्हरमाँटच्या बर्लिंग्टनला किंवा न्यू हॅम्पशायरच्या मँचेस्टरला दुसऱ्या शहरातून या. तरीही तिथे अडकलात, तर ती बॅग ताब्यात घेऊ नका. ती एअरलाइनकडेच राहू द्या. बॅग हातात येण्याआधीच विमानतळ पोलिसांना किंवा कर्मचाऱ्यांना बंदूक रात्रभर ठेवून घ्यायला सांगा; नेवार्कच्या त्या निकालात कोर्टाने हाच मार्ग दाखवला होता. आणि ते विचारण्याआधी वकिलाचा नंबर फोनमध्ये असू द्या.