दाखल क्रमांक आणि न दिसणाऱ्या क्वेऱ्या

इंदूरच्या रामबाग भागातील एका मराठी वाचनालयाची दाखल नोंदवही (आलेल्या प्रत्येक पुस्तकाला क्रमांक देणारी वही) संगणकावर आणण्याचे काम गेल्या पावसाळ्यात मी हौसेने अंगावर घेतले. स्वयंसेवकांनी टंकून दिलेल्या सुमारे १०,००० ओळी जँगो या पायथनमधील वेब-चौकटीच्या मॉडेलमधून (तक्त्याच्या वर्णनातून) पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये भरायच्या होत्या. पहिल्या खेपेस प्रोग्राम इतका रेंगाळला की, तो अडकला आहे असे समजून मी तो दोनदा मध्येच बंद केला.

माझा संशय रेग्युलर एक्स्प्रेशनवर (अक्षरांच्या साच्यांवर) लिहिलेल्या व्हॅलिडेटरांवर, म्हणजे मजकूर तपासणाऱ्या नियमांवर होता आणि तो साफ चुकीचा निघाला. जँगोत नुसत्या सेव्हने मॉडेलची तपासणी होत नाही, म्हणून मी प्रत्येक ओळीसाठी आधी फुल-क्लीन हे संपूर्ण तपासणीचे फंक्शन बोलावत होतो. ते लेखक आणि प्रकाशक या दोन फॉरेन की (दुसऱ्या तक्त्यातील नोंदींचे संदर्भ) खरोखर अस्तित्वात आहेत का, हे डेटाबेसला दोन वेगळ्या क्वेऱ्यांनी (प्रश्नांनी) विचारते आणि दाखल क्रमांक युनिक, म्हणजे एकदाच येणारा, असल्यामुळे तिसरी क्वेरी करते. त्यात प्रत्यक्ष नोंदीची क्वेरी मिळवली, तर एका पुस्तकामागे किमान चार, म्हणजे एकूण किमान सुमारे ४०,००० फेऱ्या डेटाबेसकडे झाल्या. शिवाय सगळ्या नोंदी एका ट्रान्झॅक्शनमध्ये (एकगठ्ठा व्यवहारात) न बांधल्यामुळे प्रत्येक सेव्ह स्वतंत्रपणे कमिट, म्हणजे कायमचा नोंद, होत होता. लांबी, किंमत, रिकामा रकाना यांची पायथनमधली तपासणी या फेऱ्यांपुढे नगण्य होती.

मग लेखक-प्रकाशकांचे आयडी सुरुवातीलाच एका डिक्शनरीत वाचून घेतले, त्या दोन फील्डांना वगळून फक्त क्लीन-फील्ड्स (एकेका रकान्याची तपासणी) चालवले, दाखल क्रमांकांची पुनरावृत्ती एका सेटमध्ये पाहिली आणि बल्क-क्रिएटने (अनेक नोंदी एकदम भरणाऱ्या फंक्शनने) ५००-५०० ओळी भरल्या. बल्क-क्रिएट स्वतः काहीही तपासत नाही. त्यामुळे डेटाबेसमधील युनिक कन्स्ट्रेंट (पुनरावृत्ती रोखणारे बंधन) मी काढले नाही.

वेळेपेक्षा मला अधिक शिकवले ते फील्डच्या निवडीने. दाखल क्रमांक मी आधी कॅरेक्टर-फील्ड (मजकुराचा रकाना) केला होता. जुन्या वहीवरून टंकणाऱ्यांनी काही ठिकाणी देवनागरी, काही ठिकाणी इंग्रजी अंक वापरले होते आणि मजकूर म्हणून ते दोन वेगळे क्रमांक ठरत होते, म्हणून एकच पुस्तक दोनदा बिनतक्रार आत जाई. मजकुराचा पूर्णांक करणारे पायथनचे इंट देवनागरी अंकही ओळखते. पॉझिटिव्ह-इंटिजर-फील्ड (पूर्णांकाचा रकाना) करताच क्लीन-फील्ड्सनंतर दोन्हींचे मूल्य एकच झाले. आयएसबीएनचेही (पुस्तकाच्या आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांकाचेही) तसेच. १९७०पूर्वीच्या पुस्तकांना तो नसतोच, आणि युनिक फील्डमध्ये रिकामी स्ट्रिंग (रिकामा मजकूर) ठेवली की दुसऱ्याच जुन्या पुस्तकाला गाडी अडते. तेथे नलच (‘मूल्यच नाही’ अशी खूण) हवा.

शीर्षकाची मॅक्स-लेंग्थ (कमाल लांबी) ठरवताना एक गंमत लक्षात आली. ‘श्रीकृष्ण’ हा शब्द आपल्या दृष्टीने तीन अक्षरांचा, पण पायथन आणि पोस्टग्रेस दोघेही तो नऊ मोजतात, कारण हलन्त आणि मात्रा वेगळ्या धरल्या जातात. मर्यादा आखूड ठेवल्याची चूक एसक्यूलाइट या छोट्या डेटाबेसवर नुसत्या सेव्हने उघडच होत नाही, कारण ते स्वतः ही मर्यादा पाळत नाही. पोस्टग्रेसमध्ये व्हारकॅर (मर्यादित लांबीचा मजकूर) आणि टेक्स्ट (अमर्याद मजकूर) यांच्या वेगात फरक नसल्याने मी ऐसपैस ५०० ठेवले.

नव्या पुस्तकांच्या फॉर्ममध्ये मात्र फुल-क्लीन तसेच आहे. तेथे एका वेळी एकच पुस्तक येते आणि ग्रंथपालकाकांना चूक त्या-त्या रकान्यापाशीच मराठीत वाचायला मिळते.