किल्ला बघायला गेले आणि झाडं बघून आले

शनिवार, रात्री

पाय ठणकतायत आणि गुडघ्यापर्यंत चिखल आहे. बूट बाहेर वर्तमानपत्रावर पालथे घातलेत, उद्यापर्यंत वाळणार नाहीतच, पण मनाचं समाधान. लिहायचा कंटाळा आलाय पण आज लिहिलं नाही तर परवापर्यंत सगळं विसरेन म्हणून बसलेय.

आज माँ बव्रे डोंगर केला. केला म्हणजे, उंची 821 मीटर, आपल्या तोरण्याच्या निम्म्याहून थोडी जास्त, त्यात निम्मी चढाई गाडीच करून देते, त्यामुळे "केला" म्हणायला जरा लाजच वाटते. पण इथे मोर्वाँमध्ये, फ्रान्सच्या या डोंगराळ भागात, डोंगर असेच, कुठे कडा नाही, कातळ नाही, नुसती एकामागे एक हिरवी कुबडं आणि मध्ये दरीत पांढऱ्याशुभ्र शारोले गाई, चरून चरून एवढ्या मोठ्या झालेल्या की लांबून दगडच वाटतात. काल दिजाँहून नेव्हेरच्या ट्रेनने एताँला उतरले, तिथून मी उतरलेय त्या घरच्या मालकीण बाई गाडी घेऊन आल्या होत्या न्यायला. सत्तरीच्या असतील. गाडीत बसल्या बसल्या पहिला प्रश्न, नारिंगी रंगाचं काही आणलंयत का? मी म्हटलं नाही. तर म्हणाल्या, "वीकेंडला शिकारीवाले असतात जंगलात, तुम्ही असा तपकिरी स्वेटर घालून फिरलात तर रानडुक्कर समजतील," आणि मागच्या सीटवरून एक नारिंगी जाकीट माझ्या मांडीवर टाकलं. आईला हे सांगितलेलं नाही. आई तशीच रोज विचारते, एकटी कशाला हिंडतेस गं रानावनात.

तर किल्ला. बिब्राक्त. मी खूप वर्षांपासून हे नाव ऐकत होते, गॉल म्हणजे फ्रान्सच्या जुन्या लोकांमधल्या एदुई जमातीची राजधानी, रोमनांच्या आधीची. इ.स.पू. 52 मध्ये व्हर्सिंजेटोरिक्सला बहुतेक गॉल जमातींनी मिळून सेनापती केलं ते याच डोंगरावर, आणि तो त्याच वर्षी रोमन सेनापती सीझरकडून हरल्यावर सीझर हिवाळा काढायला आला तोही इथेच. म्हणजे ज्या जागी त्याच्याविरुद्ध एवढे सगळे एकत्र आले तिथेच बसून त्याने आपल्या युद्धाचा वृत्तांत लिहीत हिवाळा घालवला. हा माणूस भारीच थंड डोक्याचा असणार. (किंवा थंडीच्या डोक्याचा, कारण आज ऑक्टोबरमध्येच माझी बोटं बधीर झाली होती वर.)

मी पुण्याची, त्यामुळे किल्ला म्हटलं की डोळ्यासमोर तट, बुरूज, टाकं, कुठेतरी हनुमान आणि खाली ताक विकणारी मावशी. इथे चढत गेले, चढत गेले, आणि किल्ला येईचना. नुसती झाडं. बीच, ओक, परत बीच. पानं पिवळीधमक झालेली आणि धुकं एवढं की वीस पावलांपुढचं दिसेना, पानांचाच उजेड पडल्यासारखा वाटत होता. आणि मग एकदम ते दार. पोर्त द्यु रबू म्हणतात त्याला. जवळजवळ 20 मीटर रुंद, म्हणजे दार कसलं, रस्ताच आहे, आणि दोन्ही बाजूंना तट, पण तो आत्ता उभा केलेला, जुन्याची नक्कल. मला नकली गोष्टींचा राग येतो साधारण, पण इथे थांबले बराच वेळ, कारण तट दगडाचा नव्हताच नुसता. आडवी उभी लाकडं एकमेकांवर टाकून त्याचे चौकोन केलेले, जिथे लाकूड लाकडाला छेदतं तिथे वीतभर लांबीचा लोखंडी खिळा, आत माती दगड भरलेले, आणि फक्त बाहेरच्या अंगाला दगडाचं तोंड ज्यातून लाकडाची टोकं डोकावतात. सीझरने अशा भिंतीचं कौतुक करून ठेवलंय, दगडामुळे जळत नाही आणि लाकडामुळे धडका मारून पडत नाही. डोकं बघा लोकांचं.

पण लाकूड कुजतं ना. आत 135 हेक्टरचं शहर होतं, कारागिरांच्या गल्ल्या, बाजार, श्रीमंतांचे वाडे, आणि त्यातलं जमिनीवर उभं काय राहिलं, तर जवळजवळ काहीच नाही. लढाईत जळलं वगैरे नाही बरं का. रोमन सम्राट ऑगस्टसच्या काळात खाली सपाटीवर नवीन शहर बसवलं, आत्ताचं ओतँ, आणि माणसं हळूहळू सामान घेऊन खाली गेली. एवढंच. मला हे जास्त लागलं, खरं सांगायचं तर. वेढा पडून पडलेला किल्ला समजतो, पण सगळे शहाणे होऊन खाली राहायला गेले हे... आमच्या घरी गावचा वाडा असाच रिकामा झाला.

मध्यभागी एक दगडी टाकं आहे मात्र, गुलाबी ग्रॅनाइटचं, होडीच्या आकाराचं, दहाएक मीटर लांब, ऐन रस्त्याच्या मधोमध. दगड इतके नेटके बसवलेत की नख जात नाही. पाणी पिण्यासाठी की देवासाठी ते काही लिहिलेलं पटलं नाही मला, मी आपली त्याच्या काठावर बसून भाकरीसारखा कडक झालेला ब्रेड आणि चीज खाल्लं. (खाली गावातली बेकरी बंद होती. फ्रान्समध्ये तीन वर्षं झाली पण बेकरी कधी उघडी असते याचं गणित मला अजून सुटलेलं नाही.)

इथे पहिल्यांदा नीट खोदकाम केलं ते ब्युलियो नावाच्या ओतँच्या गृहस्थाने, 1867 पासून जवळपास तीस वर्षं. धंदा काय, तर वाइनचा व्यापार. आणि त्याला काय सापडलं, तर इटलीहून आलेल्या वाइनच्या मातीच्या रांजणांचे ढीगच्या ढीग तुकडे. दोन हजार वर्षांपूर्वीची आपल्याच लाइनची गिऱ्हाइकं! आधी सगळे विद्वान म्हणत होते बिब्राक्त म्हणजे खालचं ओतँच, आणि हा व्यापारी म्हणत होता नाही, वर डोंगरावर. व्यापारी बरोबर निघाला. मग बरीच वर्षं सामसूम, परत 1984 ला काम सुरू झालं, मितराँने ताकद लावली, तो राष्ट्राध्यक्ष व्हायच्या आधी इथलाच, शातो-शिनाँचा महापौर. त्याला स्वतःचं थडगंही याच डोंगरावर हवं होतं म्हणे, लोकांनी आरडाओरडा केला आणि ते राहून गेलं. बरं झालं. नाहीतर आज लोक तेच बघायला आले असते.

आता खरी गोष्ट. या सगळ्यापेक्षा मी जास्त वेळ कुठे घालवला असेल तर त्या वेड्यावाकड्या बीच झाडांपाशी. परतीच्या वाटेवर दोन्ही बाजूंना मातीचे बांध आहेत, आणि त्यांच्यावर ही झाडं रांगेत, पण झाडं म्हणजे कशी, बुंधा जमिनीतून निघतो, कंबरेएवढ्या उंचीवर काटकोनात वळतो, दोन हात आडवा जातो, शेजारच्या झाडात घुसतो आणि मग तिथून सरळ वर तीस फूट. एकाचा खांदा दुसऱ्याच्या पोटात. वरून शेवाळ, ओलं, हात ठेवला तर गादीसारखं दबतं. हे म्हणजे कुंपण होतं. गुरं शेतात शिरू नयेत म्हणून शेतकरी कोवळी रोपं अर्धवट कापून आडवी करायचे, एकमेकांत गुंफायचे, आणि दर काही वर्षांनी छाटायचे. मग शेती सुटली, छाटायला कोणी आलं नाही, आणि कुंपणाची झाडं झाली. तरी कोणाच्या तरी हाताने दिलेला तो वाक अजून जसाच्या तसा आहे, माझ्या कंबरेच्या उंचीला. एका झाडावर मी हात ठेवून बघितला, नेमका जिथे त्या माणसाने कोयता घातला असेल तिथे. तिथे एक जुनी गाठ होती, मुठीएवढी, गुळगुळीत.

आजोबांच्या बांधावर शेराचं कुंपण होतं ते आठवलं. चीक डोळ्यात जाईल म्हणून आजी ओरडायची.

तिथे रमले ते महागात पडलं. पाच वाजले, धुकं अजून दाट. इथे वाटा शोधणं सोपं असतं एरवी, झाडावर पांढरा आणि त्याच्याखाली लाल पट्टा दिसला की लांब पल्ल्याची वाट, हा जीआर 13, आणि फुली दिसली की इकडे नाही. स्वयंसेवक डबा ब्रश घेऊन रंगवत हिंडतात. मी तीन वर्षांत या पट्ट्यांवर एवढी विसंबलेय की नकाशा बॅगेतून काढायचाच विसरते. तर खाली उतरताना एका वळणानंतर जंगलच संपलं. उघडा माळ, खोडं, टायरच्या खोल चाकोऱ्या पाण्याने भरलेल्या. डग्लस फरची लागवड होती, सगळी तोडून नेलेली. मोर्वाँचं जवळजवळ निम्मं जंगल आता असं लावलेलं सूचिपर्णी आहे, दुसऱ्या महायुद्धानंतर सरकारी पैशाने लावलेलं, पन्नास साठ वर्षांनी एकदम कापायचं. इथल्या काही लोकांनी वर्गणी काढून जंगलाचे तुकडे विकत घेतलेत, का तर ओक बीच तसेच राहावेत म्हणून. अर्थात लाकूडतोड इथे नवीन नाही, योन नदी इथून जवळच उगम पावते आणि सोळाव्या शतकापासून मोर्वाँचं लाकूड नदीत सोडून पॅरिसच्या शेगड्यांपर्यंत वाहवत न्यायचे. पण तेव्हा मुळापासून परत फुटवा यायचा.

पट्टा कुठेच नाही. दहा मिनिटं इकडे, दहा मिनिटं तिकडे, चाकोरीत एक पाय घोट्याच्या वर गेला, फोनला रेंज नाही, आणि मनात उगाच आईचा आवाज. शेवटी रस्त्याच्या कडेला ओंडक्यांची उतरंड होती, माझ्यापेक्षा उंच, तिथे टेकायला गेले तर खालून तिसऱ्या ओंडक्यावर, सालीवर, पांढरा आणि लाल पट्टा. आडवा पडलेला. ज्या झाडाने मला वाट दाखवायची ते झाड तिथे ट्रकची वाट बघत होतं. मी हसले आधी, मग जरा रडूही आलं, थंडीमुळे असेल. मग मुकाट नकाशा काढला. गावात पोचले तेव्हा काळोख झाला होता, बाई दारात उभ्या, म्हणाल्या, "जाकिटामुळे लांबून दिसलात." सूप गरम होतं. बास आता, झोपते.

रविवार, दिजाँ

सकाळी बाईंनी ओतँला सोडलं, दोन तास होते. रोमन दरवाजे बघितले, ठीक. कॅथेड्रलच्या दारावरचं, जगाच्या शेवटी देव करणार त्या न्यायनिवाड्याचं शिल्प मात्र मान दुखेपर्यंत बघितलं. 1766 मध्ये तिथल्या पाद्र्यांना ते गावंढळ वाटलं म्हणून त्यांनी त्यावर चक्क गिलावा मारला, त्यामुळे फ्रेंच क्रांतीतल्या तोडफोडीतून ते वाचलं, 1837 मध्ये गिलावा काढला.

निघताना बाईंनी पिशवीभर चेस्टनट दिले, त्यांच्या गावात ऑक्टोबरच्या शेवटी चेस्टनटची जत्राच असते. घरी येऊन कुकरला लावले आणि आईला फोन केला. शिकारीचं सोडून सगळं सांगितलं. त्या झाडांचं सांगितलं आणि म्हटलं, आपल्या बांधावरच्या शेरासारखं गं. आई म्हणाली, "शेर कुठला आता, काकांनी गेल्या उन्हाळ्यात जेसीबी लावून सगळा काढला, तारेचं कंपाउंड केलं." मला कोणी सांगितलंच नव्हतं. मी म्हटलं बरं.

तीन शिट्ट्या झाल्या तरी चेस्टनट मधून कच्चेच होते, परत लावले.